वस्तरा मिटल्यावर

गळ्यावर वस्तरा असताना भैयानं कधी कोणाला काही मागितलं नाही. आधी वस्तरा मिटायचा, मग तुरटी फिरवायची, मान पुसायची, वाटीतलं पाणी उंबऱ्याबाहेर फेकून यायचं, आणि मग बोलायचं. "गळ्यावर पातं ठेवून काम सांगू नये भाऊ. मानूस हो म्हनते, पन ते हो खरं नसते."

सारं गाव त्याला भैयाच म्हणायचं. कामरगावहून जीपनं आमच्याकडे आलात, की फाट्यावरची पहिली टपरी त्याची. उत्तर प्रदेशातून तो आला तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. लग्नाची दाढी त्यानं केली, बाप गेला तेव्हा डोकंही त्यानंच भादरलं. त्याचा पोरगा इथल्याच शाळेत शिकून सुरतला कामाला लागला. बायकोची राख इथल्याच नदीत गेली.

हनुवटीखाली दोन बोटं लावून तो गिऱ्हाइकाचं तोंड आरशाकडे उचलायचा. "वर पाहा भाऊ. खाली काहून पाहून राह्यले? चोरी केली का?"

आरोग्य कार्डाचं सरकारी शिबिर तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल. आमच्याकडे ते शाळेच्या व्हरांड्यात लागलं. म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले, म्हणून मशीन चेहरा पाहून ओळख पटवत होतं. आधारच्या फोटोत गाल साफ, आणि समोर दाढीचं जंगल. मशीन काही ऐकेना. भैयानं टपरीतली खुर्ची उचलून आणली, व्हरांड्याखाली मांडली आणि दिवसभर फुकट दाढ्या केल्या. महादू आबांना मशीननं तीनदा परत पाठवलं होतं. दाढी उतरली आणि काम झालं.

"पाहा आबा, सरकारनं वळखलं तुमाले. आता घरी म्हातारी वळखते का नाई ते पाहा!"

संध्याकाळी तो खुर्ची उचलत होता तेव्हा मी विचारलं, "अन् तुझं कार्ड?"

"आपलं कायचं भाऊ? रेशन कार्डातलं नाव तिकडं कटलं, इकडं चढलं नाई."

मी तेव्हा सरपंच. रहिवासी दाखला मी द्यायचा, त्यावर रेशन कार्ड निघणार, आणि त्यावर हे आरोग्याचं. "देतो ना, उद्या ये," मी म्हणालो.

आता खरं ते सांगतो. दाखला देणं मला मुळीच जड नव्हतं. पण पानठेल्यावर गोष्ट निघाली, आणि महादू आबाच गुळगुळीत गालावरून हात फिरवत म्हणाले, "बाहेरच्याले कायले चढवता? आज दाखला, उद्या जागा मांगन." चारजणांनी माना हलवल्या. निवडणूक जवळ आलेली. मी नाही म्हणालो नाही. तोंडावर नाही म्हणायची माझी कधी छातीच झाली नाही. मी उद्या म्हणालो.

दर रविवारी मी दाढीला जायचो. वस्तरा मिटायचा, तुरटी फिरायची, पाणी उंबऱ्याबाहेर पडायचं. "भाऊ, त्या कागदाचं झालं का?" तोवर माझे पाय चपलेत गेलेले असायचे. "उद्या."

"उद्या तर उद्या. मी कुठं पयून चाललो?"

थंडीत त्याचा हात सारखा छातीवर जायला लागला. एक गाल झाला की स्टुलावर बसायचा, मग दुसरा. डॉक्टरनं हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, हे मला दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून कळलं. त्यानं ते दडपण माझ्यावर आणलं नाही. आणि कळल्यावरही मी उद्याच म्हणत राहिलो. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

एका सकाळी तो टपरीतच कोसळला. गिऱ्हाइकाच्या एका गालावर साबण तसाच होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाती होतं तेवढं केलं. ऑपरेशन मात्र नागपूरला, आणि तिथं कार्ड लागणार. दाखला मी त्याच दुपारी दिला. पुढचे कागद निघायला वेळ हवा होता, आणि त्याच्याजवळ तोच नव्हता. पोरगा सुरतहून आला. "काका, गावी नेतो. तिकडं मामा आहेत." कोणत्या गावी, ते विचारायची मला सोय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेलो. त्याची दाढी वाढलेली. मी पिशवीतून त्याचाच वस्तरा काढला.

"येते का तुमाले?"

"नाही."

"मंग हळू. कापलं तर आपल्यापाशी कार्ड नाई."

शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला.

मी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. पातं गळ्यावर होतं तेव्हाच सगळं माझ्या ओठांवर आलं. त्या क्षणी तो हो म्हणाला असता. मी आधी दाढी पुरी केली. वस्तरा मिटला, तुरटी फिरवली, मान पुसली, बाहेर जाऊन पाणी टाकून आलो. मग खाटेजवळ उभं राहून बोललो. निवडणूक, पानठेला, एकेक उद्या. "भैया, माफ कर."

त्यानं दोन्ही गालांवरून हात फिरवून पाहिला.

"वर पाहा भाऊ."

मी वर पाहिलं. तो हसत होता, की धाप लागली होती, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

सकाळी मी पोचलो तेव्हा खाटेवर नवी चादर घातली होती. त्यांची गाडी पहाटेची होती. तो रस्त्यातच गेल्याचा पोराचा फोन दुपारनंतर आला.

टपरी फाट्यावर अजून आहे, बंद. महादू आबांची दाढी पुन्हा छातीपर्यंत आली आहे. दुसऱ्या कोणाला ते वस्तरा लावू देत नाहीत.