नानांच्या चपला

आमच्या धुळ्याच्या गल्लीतले नाना कुठेही चपला काढायचे. घरात, देवळात सगळेच काढतात हो; नाना बँकेत काढायचे, फोटो स्टुडिओत काढायचे. एकदा शिंदखेड्याला एसटीत चढतानाही काढल्या. गाडी सुटली, चपला स्टँडवरच राहिल्या आणि नाना अनवाणी धुळ्यात उतरले.

मी पोट धरून हसलो. नाना शांतपणे म्हणाले, "कोनी तरी झाडेल शे ना रे भाऊ!" जागा कोणी तरी झाडलेली आहे, एवढंच त्यांचं कारण. मला ते येडपटपणाचं वाटायचं. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो, म्हणजे अक्कल उतू जात होती.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास जामनेरला मुलगी पाहायला गेलो. वडील नव्हते, म्हणून नाना सोबत. मी खास काळे, नाडीचे बूट घेतले होते. उंची बेताची, केस विरळ. बूट काढले तर दाखवायला उरतं काय? ओसरीवर पन्नास चपला दिसत असताना हा गाढव बुटांसकट थेट बैठकीत!

बैठक सकाळीच सारवलेली. ओल्या सारवणात माझे पाच ठसे उमटले. मुलीचे वडील, आबा, आधी ठशांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. सोयरीक तिथेच मोडली असं मी धरून चाललो.

नाना सरळ आत स्वयंपाकघरात गेले, पोतेरं मागून आणलं आणि गुडघ्यावर बसून ते पाचही ठसे आपल्या हातानं सारवले. आबा "अहो, राहू द्या, राहू द्या" करत मागे मागे. मी मात्र खुर्चीत बसून नाडीची गाठ सोडत होतो. ती मेली सुटेल तर शपथ!

आठ दिवसांनी होकार आला. पुढे कित्येक वर्षं मी मित्रांना सांगत होतो, "पोरगी बुटांवर भाळली."

नाना गेले, त्यांच्या दहाव्याहून परतल्यावर बायको ओट्यापाशी रडत बसली. मलाही राहवेना. मग ती म्हणाली, "तुमचे ते बूट पाहून मी नाहीच म्हणणार होते. पोतेरं मागायला नाना आत आले ना, तेव्हा हळूच म्हणाले, 'पोरी, तुना मनमा नही व्हई ते सांगी दे. याले मी आत्तेच लई जास.' मनात नसेल तर तुम्हाला आत्ताच परत नेतो, म्हणे. त्याआधी चार जण मला बघून गेले होते. तुला काय वाटतं, हे विचारणारे नानाच पहिले. म्हटलं, असा माणूस शेजारी असेल तर जाऊ या त्या गल्लीत."

लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. तिला काय वाटतं, हे मी अजून एकदाही विचारलेलं नव्हतं.