आधी बाण, मग आकडे

बाणसरांनी आम्हाला आकड्यापासून गणित कधी सुरू करू दिलं नाही. ‘आधी बाण, मग आकडे!’ कोण कुणाला ओढतंय, कुठल्या दिशेला ओढतंय, हे फळ्यावर बाण काढून दाखवल्याशिवाय गुरुत्वाकर्षणाच्या सूत्राला हात लावायचा नाही. माणूस नेमलेला तासाच्या पगारावर, पण तास संपला म्हणून उठणारा नव्हे.

मी कडावचा, घरी म्हशी. सरांनी एकदा मला विचारलं: एका गोळ्याला एक जण पूर्वेकडे तीनच्या जोराने ओढतोय, दुसरा उत्तरेकडे चारच्या, एकूण किती? मी ठोकून दिलं, ‘सात.’

‘ही दुधाची बेरीज झाली रं! डेअरीत चालंल. हितं बाण काटकोनात हायत, पाचच येणार.’

वर्ग महिनाभर मला ‘सात लिटर’ म्हणत होता.

ठाकुरवाडीच्या वरच्या पाड्यावरून हिरा चालत यायची. एकदा समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत सारखे गोळे होते, मधोमध चौथा. बाणांची बेरीज शून्य आली. हिराने विचारलं, ‘मंग मधल्याला कोनीच ओढत नाय का वो, सर?’

‘तिघंबी ओढतात गं. म्हणून तर बिचारा जागचा हालत नाय.’

आम्ही बारावीत असताना संस्थेने जाहीर केलं: पोरं कमी, पुढच्या वर्षी विज्ञानाचा वर्ग बंद. का? पाड्यावरच्या पोरींनी विज्ञान शिकायला चंद्रावर जायचं? मी निवेदन लिहिलं, नेरळला झेरॉक्स काढल्या आणि पहिली सही मागायला सरांकडे गेलो. त्यांनी कागद परत दिला. ‘सही केली तर उद्याच काढतील. हिराची बारावी हाय. मधेच कोण शिकवंल तिला?’

मी कर्जतच्या चौकात माईकवर ओरडलो, ‘बाणसर भित्रे आहेत!’

हिरा दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘तू घोषना दे. सरांना काढलं तर माजा पेपर कोन लिवनार?’

सरांनी शेवटच्या पेपरापर्यंत शिकवलं. हिरा पास झाली. वर्गाला कुलूप लागलं आणि सरांचं काम गेलं. मी खालापूरला त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा ते पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. मी दार लोटून घेतलं. ‘चुकलो, सर.’

ते हसले. ‘भित्रा म्हणालास चौकात, माईकवर. आन् माफी हितं, दार लावून व्हय रं?’

पुढच्या रविवारी मी त्याच चौकात माईक घेतला. समोर आठ-दहा माणसं होती. हिरा होती. सर तोवर जिल्हा सोडून गेले होते.