हौसाआत्या बाजूला बसायची तेव्हा

हौसाआत्या बाजूला बसली की मनस्वीची चंगळ असायची. खोटं कशाला बोला, शाळेतून येताना ती मनातल्या मनात गणपतीलाच सांगायची की आज आत्या बसलेली असू दे. पोर आठवीतली, चौदा वर्षांची. आपण काय मागतोय ते तिला कुठनं कळणार?

त्याचं असं होतं. पेणजवळच्या जोह्यात मनस्वीच्या बापाचा, कमळाकरचा, गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, खरी तर घराला लागून पत्र्याची लांबलचक शेड. मूर्ती साच्यातून काढायची, वाळवायची, घासायची, रंगवायची आणि अगदी शेवटी डोळे काढायचे. डोळे काढण्याला आखणी म्हणतात, आणि आखणीचा हात काय सगळ्यांना नसतो. कमळाकरच्या घरात तो होता त्याच्या थोरल्या बहिणीला, हौसाला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाकडे आली ती कायमची. तोंडानं फटकळ. एखाद्या गणपतीची सोंड वाकडी दिसली तर रंगवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण कुंचला हातात घेतला की श्वास धरून बसायची, आणि तिनं डोळे काढलेला गणपती तुम्ही शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून बघा, तुमच्याकडेच बघतोय असं वाटायचं.

मोठ्या कारखान्यांतून आता हे कुणी विचारत नाही, पण कमळाकरकडे एक नेम कडक होता. बाईला अडचण आली की चार दिवस मूर्तीला हात लावायचा नाही, रंगाच्या डब्यालाही नाही. उठायचं आणि मागच्या पडवीत जाऊन बसायचं. कामाच्या दिवसांत दुसरी सुट्टी नाहीच, त्यामुळे बायका म्हणायच्या, देवानंच आपली पगारी रजा ठरवलीय. हौसाची ती रजा मात्र तीन वर्षांमागे बंद झाली होती. पन्नाशी उलटलेली बाई. आणि त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ती अचानक परत सुरू झाली.

शेडमध्ये काय हशा पिकला म्हणता! हौसाबाय परत तरणी झाली, आता तिला स्थळ बघा, असं काय काय. एकीनं तर घरून शिरा करून आणला. हौसापण हसली, दोन शिव्या हासडल्या, कुंचला धुऊन ठेवला आणि नेमाप्रमाणे पडवीत जाऊन बसली. बंद झालेलं परत सुरू कसं झालं, हे एकीनंही विचारलं नाही. राग येतो तो ह्याचाच. नेम पाळला ना? मग झालं. त्याच्यापुढे विचार करायची कुणाला गरजच वाटली नाही.

आणि मनस्वीच्या आत्याजवळच्या त्या दुपारी सुरू झाल्या.

पडवीच्या पायरीला काळा कडाप्पा होता. आत्याला रंग चालत नव्हता, पण साध्या पाण्याला कोण नाही म्हणणार? जुना कुंचला पाण्यात बुडवून ती कडाप्प्यावर डोळा काढायची. आधी वरची पापणी, एका दमात. मग खालची. मग बुबुळ. उन्हानं तापलेला दगड तो, निम्मा डोळा होईपर्यंत पहिला भाग वाळून नाहीसा व्हायचा. "थांबलीस की गेलं गो बाय," आत्या म्हणायची, "हात उचलायचा नाय." मग मनस्वीनं काढायचा. काढायचा, वाळायचा, परत काढायचा. मध्येच आत्या चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या पदरातून काढून द्यायची. शेडमधून कॉम्प्रेसरची घरघर यायची, आईची कामकऱ्यांवर ओरडाओरड यायची, आणि ह्या दोघी पाठीला पाठ लावून आठळ्या सोलत बसलेल्या. एरवी आत्या तिच्या वाट्याला यायचीच कधी? सकाळी सहापासून ती गणपतींची असायची. पडवीत मात्र अख्खीच्या अख्खी मनस्वीची.

पुढे पुढे तर आत्या दर पंधरा दिवसांनी बसायला लागली. नंतर आठ दिवसांनी. मनस्वीच्या आनंदाला पारावार नव्हता. श्रावणापर्यंत तिचा हात असा बसला की शेवटच्या खेपेतल्या लहान मूर्तींचे डोळे तिनं काढले, आणि ट्रकवाल्यालासुद्धा फरक कळला नाही.

गणपती गेले आणि आत्यानं अंथरूण धरलं. आधी पेणला दाखवलं, तिथून मुंबईला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, फार पसरलेला. शिमग्याच्या आधी आत्या गेली. गावात सांगितलं, पोटात गाठ होती.

ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मनस्वी बीएस्सी होऊन धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागली. रोह्यात खोली घेऊन राहते, शनिवारी संध्याकाळी जोह्याला येते आणि कामाच्या दिवसांत रविवारी आखणीला बसते. खांब गावच्या मितेशशी तिचं ठरलंय, मार्गशीर्षात लग्न. सगळं कसं सुरळीत चाललेलं, तेवढ्यात तिच्या लॅबमधली रिझवाना डबा खाता खाता म्हणाली, काल माझा दुसरा डोस झाला. कसला म्हणून विचारलं तर म्हणाली, ह्याच कॅन्सरवरच्या लशीचा. तिची आई आमना चौथीच शिकलेली, पण कुठल्याशा शिबिरात डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून आली आणि रिझवाना, अफिफा दोघी बहिणींना धरून दवाखान्यात घेऊन गेली. मनस्वीनं डबा बाजूला ठेवला आणि त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात ते विचारलं.

रिझवाना तिला त्याच बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नीट समजावलं. हा रोग एका विषाणूनं होतो. तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, पुष्कळ जणींना होऊन आपोआप जातो, काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं राहतो. रक्तातून घराण्यात येतो असलं काही नाही. लस लग्नाआधी घेतलेली सर्वांत चांगली. तुझ्या वयाला तीन डोस. पण लस घेतली म्हणून मोकळी झालीस असं नाही, तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि बंद झालेली पाळी परत आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. हे शेवटचं त्या जाता जाता बोलल्या. मनस्वी बाहेर येऊन रिझवानाच्या स्कूटीवर बसली आणि रडायला लागली.

मितेशला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, घे की, ह्यात मला काय विचारायचं. म्हणजे तिकडची अडचण नव्हती. रजा होती, डॉक्टर होती, सगळं होतं, तरी ती तीन आठवडे गेली नाही. रिझवानाला वाटलं, सुईला घाबरते. सुईला कसली घाबरते! तिला पडवीतल्या त्या दुपारी सोडवत नव्हत्या. जन्मातलं सगळ्यात मोठं सुख कुठलं असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं डोळे मिटून ती पडवी सांगितली असती. आणि आता त्या लशीला दंड पुढे करायचा म्हणजे कबूल करायचं, की ते सुख नव्हतं, आत्याचं मरण चाललं होतं, आणि आपण शेजारी बसून आठळ्या खात होतो. वर देवाकडे आणखी मागत होतो.

शेवटी आषाढातल्या एका रविवारी तिनं आईपाशी विषय काढला. मालू, तिची आई, मूर्तींच्या मुकुटांना सोनेरी लावत होती. ऐकल्याबरोबर तिचा पारा चढला. लग्न तोंडावर आलंय, असली कसली इंजेक्शनं, दवाखान्यात घरातलं विचारतील, खांबवाल्यांच्या कानावर जाईल, उद्या म्हणतील ह्यांच्या घरातच तो रोग हाय. मनस्वी म्हणाली, मितेशला माहीत आहे आणि हा घराण्याचा रोग नाही. मालू आणखी चिडली. सहाशे मूर्ती अजून डोळ्यांवाचून उभ्या, ट्रक शुक्रवारी येणार, आणि हिला हे सुचतंय.

"गणपती जाऊ दे, मग बघू," ती म्हणाली.

जोह्यात हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. गळणारा पत्रा, दुखणारी दाढ, रुसलेला जावई, सगळं गणपती गेल्यावर बघायचं असतं. पण मालू ते बोलली आणि तिचा हात मुकुटावरच थांबला. सोनेरी रंगाचा ओघळ मूर्तीच्या कपाळावरून खाली आला तरी तिला दिसला नाही.

"हेच म्हटलेलं मी तिला," ती म्हणाली.

मनस्वीला आधी कळलंच नाही. मग मालू हळूहळू सांगत गेली. हौसाचे डाग पडलेले कपडे तिनं पाहिले होते. दुसऱ्याच महिन्यात हौसा तिला विहिरीवर म्हणाली होती, वहिनी, हे पाळीचं नाय वाटत, पेणला दाखवून येऊ काय. त्या वर्षी आखणी आधीच मागं पडलेली, आखणीवाली निम्मे दिवस पडवीत. मालूला वैताग आला होता. गणपती जाऊ देत, मग बघू, ती बोलून गेली. आणि हौसा, जी कुणाचं ऐकायची नाही, तिनं हे तेवढं ऐकलं. दोघी बोलल्या ते तेवढंच. त्यानंतर मालूनं हे कमळाकरलाही सांगितलं नव्हतं.

"तू पोर होतीस," मालू म्हणाली. "मी नव्हते गो."

मनस्वीनं आईच्या हातातला कुंचला काढून घेतला. नऊ वर्षं ही बाई आत्याचा विषय निघाला की उठून का जायची, ते तिला आता कळलं. तिला आईचा राग यायला हवा होता, आलाही असेल थोडा. पण त्याहून जास्त तिला एकटेपण गेल्यासारखं वाटलं. मग तिनं आपलंही सांगितलं, ते देवाकडे मागण्याचं. दोघी मायलेकी त्या सहाशे गणपतींत बसून पोटभर रडल्या, आणि रडता रडता आत्याच्या शिव्या आठवून हसल्यापण. आत्या होतीच तशी. पडवीतल्या त्या सगळ्या दुपारी आत्यानंच दिल्या होत्या, स्वतःहून, आणि त्या घेतल्या म्हणून मनस्वी चोर ठरत नव्हती.

सोमवारी सकाळी मालूनं कमळाकरला सांगितलं, आज मी कामाला नाही. भर आषाढात! तिनं लग्नाकार्यातली साडी नेसली, पेणहून रोह्याची एसटी धरली आणि वाटभर लेकीचा हात सोडला नाही. दवाखान्यात सिस्टरनं मनस्वीचं नाव, वय लिहून घेतलं. घरात आधी कुणाला हा आजार होता का, विचारलं.

"हिच्या आत्याला होता," मालू चांगलं मोठ्यानं म्हणाली. बाकावरच्या चार बायकांनी वळून पाहिलं. "हौसा नाव तिचं. माझी नणंद."

मनस्वीला सुई टोचली, दंड जरा दुखला, बस. पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहून सिस्टरनं ते तिच्या हातात दिलं आणि झालं म्हणाली. पण मालू उठेना. तिनं पदर सारखा केला आणि आपलंही नाव लिहायला सांगितलं, तपासणीसाठी.

"तुम्हाला काय त्रास होतोय, मावशी?" सिस्टरनं विचारलं.

"काय नाय," मालू म्हणाली. "म्हणूनच आलेय."