एकच कोड, दोन कंपायलर

"मॅडम, खटका बसाच्या आधीच रॅम खाली येऊन राह्यला. मी मशीन बंद केली. आता कोनीही सांगतलं तरी चालू नाही करत."

फोनवर रज्जाकभाई होते. दिग्रसच्या एका जिनिंग मिलमध्ये ते प्रेस चालवतात. सरकी काढलेल्या रुईची दाबून गाठ बांधायची, हे प्रेसचं काम. पेटीचा दरवाजा लागतो, खटका बसतो आणि मगच रुई दाबणारा लोखंडी ठोकळा, म्हणजे रॅम, वरून येतो. हा क्रम एक छोटं सर्किट सांभाळतं. त्यातला प्रोग्रॅम माझा. कंपनी पुण्याची आहे, पण मशिनी इकडे आहेत, म्हणून मी यवतमाळहून काम करते.

आदल्या आठवड्यात मी मिलला नवा प्रोग्रॅम पाठवला होता. बदल एवढाच की स्क्रीनवरच्या सूचना मराठीत केल्या. प्रेस चालवणाऱ्या भागाला हातही लावला नव्हता.

मी एसटीने दिग्रसला पोहोचले. रज्जाकभाईंनी उजवा हात पुढे केला. "दरवाजा लावता लावता फटीतली रुई आत लोटली, हात काढला अन् रॅम धाडकन आला. बोटं वाचली."

मी पेटी रिकामी करायला लावली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि प्रेस चालवली. ते म्हणाले तसंच झालं. मग तोच कोड माझ्या लॅपटॉपवर पुन्हा बिल्ड केला आणि मशीनमध्ये टाकला. आता प्रेस शहाण्यासारखी थांबली. खटका बसला, मग रॅम आला.

कोड एकच, वागणं दोन.

इथे थोडं समजावते. आम्ही लिहितो ते चिपला कळत नाही. कंपायलर नावाचं टूल त्याचं चिपच्या भाषेत भाषांतर करतं. या सगळ्या प्रक्रियेला आम्ही बिल्ड म्हणतो. भाषांतरकार बदलला की शब्द बदलतात, तसंच कंपायलरचं व्हर्जन बदललं की निघालेला प्रोग्रॅम बदलतो. मिलला गेलेलं बिल्ड पुण्याच्या सर्व्हरवर झालं होतं. त्याचा लॉग, म्हणजे नोंद, मागवला. दुसऱ्या टीमने त्यांच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हरवर नव्या व्हर्जनचा कंपायलर टाकला होता; माझ्या लॅपटॉपवर जुनाच होता. सर्व्हर सगळ्यांचा, त्यामुळे तो माझ्याही प्रोजेक्टला लागला. मला कोणी सांगितलं नाही.

दरवाजा लागल्याचं सेन्सर कळवतो, त्यानंतर खटका बसायला अर्धा सेकंद लागतो. तेवढा वेळ जावा म्हणून मी प्रोग्रॅमला नुसतेच आकडे मोजायला लावलं होतं. नव्या कंपायलरला ही मोजणी बिनकामाची वाटली. त्याने ती काढून टाकली. असं मोजत बसणं ही माझी जुनी, आळशी पद्धत. तिथे चिपमधला टायमरच हवा होता. ती चूक माझीच.

तेच बिल्ड उमरखेडच्या एका मिललाही गेलं होतं. मी कोणाला न विचारता तिथे फोन केला आणि प्रेस बंद करायला सांगितली. मग मॅनेजर अमोल सरांना कळवलं.

"हंगाम चालू आहे. कोणाला विचारून बंद केलीस?"

"कोणालाच नाही, सर. विचारत बसले असते तर तेवढा वेळ मशीन चालू राहिली असती."

"बरं. तुझ्या लॅपटॉपवरचं बिल्ड टाक आणि रिपोर्टमध्ये सेन्सर खराब होता असं लिही. विषय संपव."

"सेन्सर चांगला आहे. मी तसं नाही लिहिणार."

रिपोर्टमध्ये मी माझ्या चुकीसकट सगळं लिहिलं. टायमर घातला. कंपायलरचं कोणतं व्हर्जन लागतं ते प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवलं आणि बिल्डच्या सुरुवातीला एक तपासणी टाकली. व्हर्जन वेगळं दिसलं की बिल्ड तिथेच थांबणार. नुसता इशारा देऊन पुढे जाणार नाही. इशारे कोणी वाचत नाही, मीही नाही.

नवा प्रोग्रॅम टाकल्यावर रज्जाकभाईंनी पेटी उघडी ठेवून बघितली, मग बंद करून, मग मुद्दाम अर्धवट लावून. वीस वेळा. "तुमच्यावर भरोसा हाय, मॅडम, पण हात माहे हायत," म्हणाले. मला त्यांचं पटलं.

पुण्याच्या सर्व्हरवर कंपायलर अजून नवाच होता, त्यामुळे सोमवारी तिथे माझ्या प्रोजेक्टचं बिल्ड थांबलं. अमोल सरांचा फोन आला.

"ती तपासणी काढ. इथली आपली टीम अडकून पडली आहे."

"अडवायलाच टाकली आहे, सर."

"मी सांगतोय ना, काढ."

"मेलवर तेवढं लिहा. 'तपासणी काढावी, पुढची जबाबदारी माझी,' असं. मेल आला की दोन मिनिटांत काढते."

त्यांनी फोन कट केला.

मेल आला नाही. चार दिवसांनी सर्व्हरवर प्रत्येक प्रोजेक्टचा कंपायलर वेगळा झाला. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा होता. मी त्याखाली सही केली. खोटं काय होतं त्यात?

कोणत्या कंपायलरने बिल्ड करायचं, हाही कोडचाच भाग आहे. तो लिहून ठेवावा. जुळला नाही तर काम थांबू द्यावं. थांबलेल्या बिल्डने फक्त मॅनेजरला त्रास होतो.