बिशानमधून पेटवलेला स्टोव्ह

यंदाच्या जूनमध्ये माझ्या लेकीने न्यूझीलंडच्या घरात लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. आपला रॉकेलचा, भसाभसा आवाज करणारा नव्हे. बैठकीच्या खोलीत ऐटीत उभी असलेली लोखंडी पेटी, तिला काचेचं दार आणि छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. विजेच्या हीटरने थंडी हटत नाही म्हणे. मी इथे सिंगापुरात, मुलाच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली घाम पुसत ते सगळं फोनवर पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी तिचा फोन. तिकडे संध्याकाळ झालेली, खोलीभर धूर, लेक खोकतेय.

"आई, पेटतच नाही गं हा! तू आपला अंघोळीचा बंब कसा पेटवायचीस?"

मला गुदगुल्याच झाल्या. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. दुपारी या घरात माझ्याशी बोलतं ते फक्त वॉशिंग मशीन, तेही शिटी वाजवून. आणि आता कुणाला तरी माझ्याकडचं काही हवं होतं! आधी ढलप्या उभ्या रच, वर बारीक बंबफोड, मोठं लाकूड मागाहून, एवढं सांगितलं. खालची हवेची खिट्टी पूर्ण उघडायची, हे नाही सांगितलं. ते उद्यासाठी ठेवलं. स्वेटर होता तिच्या अंगात.

असा तो सबंध हिवाळा मी पुरवून पुरवून वापरला. राख किती ठेवायची हे एका दिवशी, ओलं लाकूड कसं फुसफुसतं हे दुसऱ्या. एकदा नात लवकर घरी आली, तर मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून जाळ बघत बसलेली.

"आजी, सो हॉट लाह! व्हाय यू वॉचिंग फायर?"

"शेकतेय," म्हटलं.

गंमत अशी, की तरुणपणी हाच बंब माझ्या डोळ्यांत खुपायचा. साताऱ्याला थंडीत सकाळी नवरा आणि दोन्ही मुलं परसात बंबाभोवती उकिडवी बसायची. मी धुराने रडायची आणि रोज नवऱ्याला टोचायची. शेवटी एकदाचा गीझर आला. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी काय करावं? आलेल्या प्रत्येक बाईला न्हाणीघरात नेऊन नळ सोडून दाखवला! हातात वाण धरून बायका बिचाऱ्या वाफेकडे बघत "अय्या" म्हणतायत आणि ही महाराणी पदर सावरत उभी. बंब मोडीत घातला. पुढच्या थंडीत जो तो आपापल्या वेळी उठून, अंघोळ उरकून जाऊ लागला. महाराणीला परसात एकटीने चहा प्यायला ऐसपैस जागा झाली.

सप्टेंबर संपता संपता लेकीचे फोन थांबले. आठवडा गेला. रागावली असेल, कंटाळली असेल, खिट्टीची लबाडी कळली असेल, काय काय मनात आलं. बोलून दाखवावं तर नवराही आता नाही. शेवटी आपण होऊन फोन करायचा नाही हा बाणा गुंडाळून ठेवला आणि मीच लावला.

"अगं आई, थंडी संपली इकडे! बागेत फुलं आलीत. स्टोव्ह आता पुढच्या मेपर्यंत बंद."

बारा महिने एकच ऋतू असलेल्या गावात राहून, थंडी संपते हेच मी विसरले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"लाकडं रचलीस का?" मी विचारलं.

"आत्ता?"

"मग केव्हा? पुढच्या वर्षीची आत्ताच फोडून उन्हात टाकायची असतात."

"बरं, रविवारी आणतो आम्ही."

"आणलीस की दाखव. आणि रोज उलटावी लागतात हं."

"रोज?"

"रोज. माझ्यासमोर उलट, तुझं काही खरं नाही."

ती हसली. मग म्हणाली, "बरं, आई. रोज."

लाकडं रोज उलटावी लागत नाहीत. उलटतात ते पापड. पण माझ्या लेकीने आजवर पापड विकतच आणलेत.