एक्स-रेला पाडलेली दोन भोकं

आमच्या मलकपेठच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. वीस वर्षांत कॅमेऱ्यासाठी मी घरी जे जे बनवलं ते सगळं तिच्यात आहे, आणि आता ती उघडली की मला शिसारी येते. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून केलेली नळी, जी भिंगामागे बसवली की मुंगीच्या मिशासुद्धा दिसतात. भिंगावर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून पावडरच्या डब्याचं केलेलं टोपडं. दोन फळ्या, एक बिजागरी आणि आट्यांचा एक दांडा. तो सावकाश फिरवत बसलं की कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो आणि फोटोत ताऱ्यांच्या रेघा होत नाहीत. शिवाय जुन्या पँटच्या पायात ज्वारी भरून केलेली कॅमेऱ्याची उशी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं माझं झालं होतं. विकतचं घेणारे ते हौशे-नवशे आणि मी कारागीर, असा माझा ताठा. कारागीर, डोंबलाचा!

त्या वीस वर्षांत मी चंद्राचे खड्डे टिपले. कोळ्याचे आठही डोळे मोजता येतील असे टिपले. बाबांचा मात्र एक धड फोटो काढला नाही. ते रोज व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे, माझ्यापासून चार हातांवर. अरे, माझा एक काढ की, असं त्यांनी चार-पाच वेळा तरी म्हटलं असेल. मी म्हणायचो, थांबा बाबा, हे एवढं चिकटू द्या. मग त्यांनी म्हणणं सोडून दिलं, आणि मग ते गेले.

हार घालायला फोटो हवा, तर घरात शोधाशोध. शेवटी रेशनकार्डावरचा मोठा करून आणला. त्यात बाबा तिशीचे आणि भेदरलेले. आईनं तो पाहिला आणि हे कोण म्हणून विचारलं. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलगा फोटोग्राफर, असं बाबाच त्यांना कौतुकानं सांगत आले होते.

तेव्हा आईजवळ बाबांचं शेवटचं म्हणून जे उरलं, ते म्हणजे त्यांच्या छातीचा एक्स-रे. कोठी भागातल्या एका दवाखान्यात काढलेला, जुन्या पद्धतीचा, काळाकुट्ट. खाकी पाकिटात घालून तिनं तो कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला होता. बाबांच्या तिथीला ती तो बाहेर काढायची, खिडकीच्या काचेला लावायची आणि बघत उभी राहायची. फासळ्या कसल्या बघतेस, असं मी एकदा हसत विचारलं.

"एवढं आतलं त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं," ती म्हणाली.

हे मला ठाऊक होतं. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा. चुकून झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मग एका वर्षी सूर्यग्रहण आलं. मावळता सूर्य अर्धवट खाल्लेला दिसणार होता, आमच्या गच्चीवरून सरळ समोर. सूर्यावर कॅमेरा रोखायचा तर भिंगापुढं खास काळा पडदा लागतो. त्याचा कागद मी दहा दिवस आधी मागवला होता. ग्रहणाच्या दिवशी दुपार झाली तरी तो आला नाही. मोबाइलवर आपलं 'आज पोहोचेल' एवढंच. आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर मी आधीच बढाई मारून बसलो होतो, की बघा, घरी केलेल्या पडद्यातून कसा फोटो काढतो ते. त्यावर एकानं सल्ला दिला, दोन एक्स-रे एकावर एक ठेवा, झकास काम होतं. त्यातून डोळ्यांनी बघणं धोक्याचं, हे मला माहीत होतं. कॅमेऱ्यालाही ते धड नाही, हेही वाचलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार. पण मी शहाणा कुठला? बायको जामबागच्या शाळेत शिकवते, ती नुकतीच घरी आली होती. म्हणाली, अहो, सोडा की, कायकू परेशान होताय, ग्रहणं काय पुन्हा येणार नाहीत? मी तिच्यावरच डाफरलो.

माझा स्वतःचा गुडघ्याचा एक्स-रे होता, पण तो हल्लीचा, फिक्का. काळा होता तो एकच.

आई ग्रहणाच्या बाबतीत गावाकडच्या वळणाची. वेध लागले की दुधादह्यावर तुळशीची पानं पडायची, पिण्याचं पाणी झाकलं जायचं आणि सुऱ्या-कात्र्या फळीवर जायच्या. ग्रहणात कापायचं नाही, चिरायचं नाही. स्वतः ती देवापुढं पाटावर डोळे मिटून जपाला बसायची, ती ग्रहण सुटेपर्यंत उठायची नाही. या सगळ्याची मी आयुष्यभर टर उडवली. त्या दिवशी मात्र तिचे ते मिटलेले डोळे माझ्या पथ्यावर पडले. तिच्या पाठीमागचं कपाट मी उघडलं. दार करकरलं. तिचे ओठ हलत होते, तिनं डोळे उघडले नाहीत.

फळीवरची कात्री काढली. स्टीलची वाटी पालथी ठेवून एकेका फुप्फुसावर एकेक गोल आखला, कारण सगळ्यात काळं तिथंच असतं. दोन चकत्या कापल्या, एकावर एक ठेवल्या आणि मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात बसवल्या. उरलेला एक्स-रे पाकिटात घालून परत कपाटात सरकवला. कड किती सफाईदार आली म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

गच्चीवर शेजारपाजारचे जमले होते. मी ऐटीत कॅमेरा रोखला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सूर्य दिसला तो दुधात भिजलेल्या बिस्किटासारखा, गिळगिळीत, कडा विरघळलेला. मी भिंग फिरवत राहिलो, आता होईल, मग होईल. मग मध्यभागी एक जांभळा डाग उमटला. कॅमेरा पाण्याच्या टाकीकडं वळवला, तरी डाग तिथंच. एक्स-रेनं उजेड अडवला होता, उष्णता आत येऊ दिली होती. कॅमेऱ्याचा डोळा कायमचा जळला होता. शेजारी फोटो दाखवा म्हणत होते. मी कॅमेरा उचलून खाली आलो.

सूर्य तसाच ग्रहण घेऊन मावळला. पंचांगातली सुटण्याची वेळ झाली तशी आईनं अंघोळ केली आणि दान द्यायला जुनं लुगडं काढावं म्हणून कपाट उघडलं. पाकीट वर आलेलं होतं. तिनं एक्स-रे काढला. बाहेर अंधार, म्हणून ट्यूबलाइटसमोर धरला. दोन गोल भोकांतून उजेड थेट तिच्या तोंडावर पडला.

मी घाईघाईनं समजावायला लागलो. फक्त काळा भाग घेतलाय, फासळ्या आहेत, हृदय आहे, महत्त्वाचं सगळं शाबूत आहे. हो, हे मी बोललो. माझ्या आईला, माझ्या बापाबद्दल! बायकोनं तोंड फिरवलं. आई रागावली नाही, ग्रहणात कात्री लावली म्हणूनसुद्धा नाही. तिनं त्या भोकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, एक्स-रे पाकिटात घातला आणि लुगडं दानाला काढून ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही. मी जेवलो.

सकाळी मी व्हरांड्यात आलो तर आई बाबांच्या खुर्चीवर बसलेली. ठेवणीतली हिरवी साडी, केस विंचरलेले.

"माझा एक्स-रे काढायची पाळी यायच्या आधी," ती म्हणाली, "माझा एक फोटो काढ."

मी धावत कॅमेरा आणला. डोळ्याला लावला, एक काढून पाहिला. जांभळा डाग नेमका तिच्या चेहऱ्यावर. मी म्हणालो, थांब आई, दोन दिवस दे, मी याला काहीतरी... थांबा बाबा, हेच मी म्हणत आलो होतो, याच खुर्चीला.

बायकोनं स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. मी आईकडं धरला आणि बोट टेकवलं. फोटो निघाला. चांगला निघाला, साडीचे काठसुद्धा स्पष्ट.

आईनं मोबाइल हातात घेतला, लांब धरून बराच वेळ पाहिला.

"एवढंच होतं का रे?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.