यानवाल्या ताई

समोर माणूस अठ्ठावीस वेळा मेला तरी यानवाल्या ताई हूं की चूं करायच्या नाहीत. मागच्या खुर्चीत बसून वहीत टिपून घ्यायच्या. मरणारा मीच असायचो, म्हणून आकडा पक्का आठवतो.

घाबरू नका, मरण गेममधलं. मुलुंडच्या ज्या सोसायटीची लिफ्ट मी बघायचो, तिथं तिसऱ्या मजल्यावर ताई एकट्या राहायच्या. पन्नाशी उलटलेली. दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात जिने, दारं आणि संडास यांची ड्रॉइंगं काढायच्या आणि घरी येऊन यान बांधायच्या. अंतराळातल्या मारामारीचा एक जुना गेम आहे. कंपनीच्या मोहिमा खेळून संपल्या की त्यातले वेडे लोक आपले आपण नवीन मोहीम बनवतात आणि नेटवर फुकट ठेवतात. त्याला मॉड म्हणतात. ताई चार वर्षं असंच एक मॉड बनवत होत्या. बंद पडलेलं यान, आत काळोख, अंगावर येणारे परग्रहवाले, आणि त्यातनं जिवंत बाहेर पडायचं.

मी एकदा लिफ्टचं काम करून पाणी प्यायला गेलो, तर म्हणाल्या, "बस, जरा खेळून दाखव." म्हटलं, "ताई, मी आठवी नापास. मोबाइलमधला साप पण माझ्या हातात भिंतीवर आपटून मरतो." त्यांचा चेहरा असा खुलला, जसा काय जावई सापडला. "सोसायटीतली पोरं हुशार आहेत रे, कशीही शेवटपर्यंत पोचतात. तुला काहीच येत नाही. असा माणूस शोधून मिळत नाही!" बायको पण मला हेच बोलते, पण एवढ्या कौतुकानं नाय.

मग दर रविवारी आपली ड्युटी लागली. पहिल्याच दिवशी मी आपल्याच सोबत्याला गोळी घातली. बिचारा माझ्यासाठी दार उघडायला आला होता. मी म्हटलं, "सॉरी ताई, वाट लावली." त्यांनी वहीत लिहिलं, 'सोबत्याचे कपडे शत्रूसारखे. बदलणे.' चूक माझी, पण वहीत नेहमी त्यांच्या नावावर. मला ते समजायचंच नाय.

यानात एक लिफ्ट होती. दार अर्धं उघडं, दिवा लुकलुकतोय, डबा मजल्यापासून वीतभर खाली. मी अर्धा तास बाहेरच उभा. शेवटी ताईंनीच खेळ थांबवला. "आत का नाही गेलास?"

"डबा मजल्याला लागला नसेल तर पाय ठेवायचा नाय. अठरा वर्षं लोकांना बोंबलून सांगतोय."

ताई चष्मा काढून हसल्या. पुढच्या रविवारी लिफ्टशेजारी मेन स्विच बसवलेला. मी सवयीनं काय केलं? काम सुरू करायच्या आधी मेन बंद. अख्ख्या यानाची बत्ती गुल! ताईंनी वहीचं पान उलटलं.

मग बिल्डिंग पाडायला निघाली, रिडेव्हलपमेंट. ताई चिपळूणला बहिणीकडं जाणार होत्या. डोळे थकले होते त्यांचे. म्हणाल्या, "तिकडे गेले की हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. जायच्या आत तू एकट्यानं शेवटपर्यंत पोच, मग मी नेटवर सोडते. नाहीतर राहू दे."

चार वर्षांची मेहनत, आणि ती कोणाच्या भरवशावर? माझ्या!

शेवटचा रविवार. घर गोणपाटात बांधलेलं, फक्त कॉम्प्युटर स्टुलावर. मी शेवटच्या इंजिनरूमपर्यंत पोचलो आणि दारच सापडेना. पाऊण तास गोल गोल. खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय.

"ताई, सांगा ना कुठंय. कोणाला बोलणार नाय."

ताईंनी वहीचं कोरं पान काढलं.

"मग पोचलो असं समजा आणि सोडा. कोणाला कळणार?"

"मला कळेल."

"अहो, माझ्यासारख्या माठापायी कशाला वाया घालवताय?"

तेव्हा ताई चिडल्या. "शाळेत मास्तर तुला माठ म्हणाले ना? त्यांनी फळ्यावर काय लिहिलं होतं ते कोणी तपासलं का? तुला दार दिसत नसेल तर माझं दार चुकलंय. ऊठ."

मला उठवून स्वतः बसल्या. मी खाली जाऊन टेम्पोवाल्याला दोन कटिंग चहा पाजले, तिसरा तो घेईना. वर आलो तर ताई म्हणाल्या, "खेळ."

इंजिनरूममध्ये कोपऱ्यात वर मघाशी नव्हती अशी एक तुटकी वायर लोंबत होती, ठिणग्या उडत होत्या. आता ठिणगी दिसली की आपले पाय आपोआप वळतात, धंदाच तो. बघायला गेलो तर वायरीखाली दार. ढकललं. बाहेर एवढे तारे, एवढे तारे! मी खुर्चीतच "आयला!" ओरडलो.

ताईंनी बटण दाबलं, मोहीम नेटवर गेली. मग कॉम्प्युटरची वायर स्वतःच्या हातानं गुंडाळली.

पंधरा दिवसांनी चिपळूणवरनं फोन. "ऐक रे. परदेशातल्या कोणीतरी लिहिलंय." आणि मराठी करून सांगितलं, "मी फार वाईट खेळतो. आजपर्यंत माझी एकही मोहीम पुरी झाली नव्हती. ही झाली."

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं.

"काय उत्तर देऊ त्याला?" ताई म्हणाल्या.

म्हटलं, "लिहा, मुलुंडला तुझा भाऊ राहतो."